ट्रायपॉड नेमका कुठे हलतो? मजबूत पाय आणि हेड घेण्याआधी आणि घेतल्यावर

पावसाळा संपून हवा स्वच्छ झाली की पुण्याच्या वेताळ टेकडीवरून सिंहगड अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर गेले, ३०० मिमीची लेन्स लावली आणि गडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचे उजाडतानाचे पंधरा-वीस फोटो काढले. शटर १/८ सेकंदाच्या आसपास होतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. घरी कॉम्प्युटरवर पूर्ण मोठं करून बघितलं, तर मनोऱ्याला चिकटून त्याचीच एक फिकट सावली उभी आणि टोकावरच्या लाल दिव्याला आकड्यासारखं शेपूट. फोकस बरोबर होता, लेन्स चांगली होती. हलला होता तो ट्रायपॉड.

मग मी घाई केली. नवं, जाडजूड बॉल हेड (कॅमेरा धरणारा, गोळ्यावर फिरणारा वरचा भाग) आणलं आणि जुन्याच पायांवर चढवलं. पुढच्या रविवारी तोच मनोरा, तीच वेळ, आणि दिव्याला तेच शेपूट. दोष हेडमध्ये नव्हताच. उंची वाढवायला वर सरकणारा मधला दांडा ज्या कॉलरमध्ये धरला जातो ती कॉलर ढिली होती आणि खालचे पाय बोटाएवढे बारीक होते. म्हणून या लेखात खरेदी नंतर येते. आपला ट्रायपॉड कुठे हलतो ते आधी शोधायचं, पैसे त्यानंतर काढायचे.

हालचाल किती बारीक असते

२४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर रुंदीत ६००० पिक्सेल असतात आणि सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. ६०० मिमीच्या लेन्सवर चित्र एक पिक्सेल सरकायला ३० सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचं पुढचं टोक फक्त ३ मायक्रॉन हललं तरी पुरतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या विसाव्या भागाइतकी ही हालचाल बोटाला जाणवत नाही की डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे 'हलवून बघितला, घट्ट वाटला' ही परीक्षा लांब लेन्ससाठी पुरेशी नाही. २४ मिमीच्या लेन्सवर तीच हालचाल पंचविसावा हिस्सा उरते. तुम्ही फक्त रुंद लेन्सने निसर्गदृश्यं काढत असाल, तर सध्याचा ट्रायपॉड नीट आवळून घेणं एवढ्यावरही तुमचं काम भागू शकेल.

घरच्या घरी तपासणी

खिडकीतून लांबची एखादी बारीक अक्षरांची पाटी निवडा. लाकडी माळा किंवा गादी नको, फरशीवर ट्रायपॉड उभा करा. तुमच्याकडची सगळ्यात लांब लेन्स लावा, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) चालू करून चित्र कॅमेरा देईल तितकं मोठं करा आणि स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद करा. आता लेन्सच्या हुडला एका बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनकडे बघा.

इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. पहिली, चित्र थरथरून किती वेळात शांत होतं. दुसरी, शांत झाल्यावर ते आधीच्याच जागी आलं का.

थरथरून परत त्याच जागी आलं, तर साहित्य लवतं आहे. नळ्या बारीक आहेत, दांडा उंच काढला आहे किंवा हेडचा गळा बारीक आहे. हे पान्याने बरं होत नाही, जाड भागच लागतो. पण पाटीवरचं 'क' अक्षर आधी चौकटीच्या मध्यावर होतं आणि टिचकीनंतर ते बाजूला जाऊन बसलं, तर कुठला तरी जोड ढिला आहे. ते बहुतेक वेळा एका अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) सुटतं. मला हा फरक कोणी आधी सांगितला असता, तर त्या हेडचे पैसे वाचले असते.

आता एकेक भाग बाद करत जायचं. मधला दांडा पूर्ण खाली करा, टिचकी मारा. बराच फरक पडला तर चोर सापडला. नाही पडला तर पायांचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आत घ्या, पुन्हा टिचकी. मग हेड काढून दोन्ही हातांनी ट्रायपॉडचा माथा धरा आणि ओला कपडा पिळतो तसा हळूच पीळ द्या. माथ्याचे तीन सांधे, म्हणजे जिथे पाय बिजागरीवर फिरतात ते, कुरकुरतात का बघा. शेवटी हेडची पाळी. कॅमेरा लावून बॉल घट्ट आवळा, चौकटीच्या मध्यावर एक अक्षर घ्या आणि हात सोडा. चित्र खाली घसरलं आणि मग थांबलं, तर हेड वजन पेलतंय पण पकडायला कमी पडतंय. दहा सेकंदांनंतरही चित्र हळूहळू उतरतच राहिलं, तर हेड बदलायची वेळ आली.

प्लेट विसरू नका. कॅमेऱ्याच्या तळाशी लावलेल्या प्लेटवर रबराची किंवा कॉर्कची जाड गादी असेल, तर कॅमेरा उभा धरल्यावर तो गादीवर वळतो. खालचं सगळं घट्ट आणि वर ही गादी, अशी कितीतरी उदाहरणं मी पाहिली आहेत.

आधी आवळून बघा

बहुतेक ट्रायपॉडच्या माथ्यावरचे सांधे अ‍ॅलन कीने घट्ट करता येतात. नेम असा: एक पाय आडवा उघडून सोडला तर तो स्वतःच्या वजनाने धपकन पडू नये आणि उघडायला जोरही लागू नये. पायांना फ्लिप लॉक (पट्टी उघडून-मिटून चालणारे) असतील तर प्रत्येक लॉकवर छोटा नट किंवा अ‍ॅलन बोल्ट असतो, तो एकेक अष्टमांश फेरा फिरवत आवळा. एकदम आवळला तर प्लास्टिकचा लॉक तडकतो. हेड ज्या चकतीवर बसतं तिच्याखाली अनेकदा एक ते तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात. हेड बसवल्यावर ते वरच्या दिशेने आवळायचे. ते सैल असले तर कॅमेरा डावीकडे फिरवताना हेड पायांवरून सुटत जातं आणि आपण समजतो की पॅन लॉक (हेड आडवं फिरणं थांबवणारा खटका) सैल आहे.

माझ्या ट्रायपॉडचा असा एक स्क्रू हरवला होता. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले आणि ट्रायपॉडचा माथाच काउंटरवर ठेवला. दुकानदाराने स्क्रूच्या भोकात दोन नमुने फिरवून बघितले, तिसरा बसला. मग वरच्या मोठ्या बोल्टकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, हा तीन सूत आहे, हाही बदलायचा का? आटे झिजलेत." ट्रायपॉडच्या जगात दोनच माप असतात. कॅमेऱ्याला लागणारा पाव इंची, म्हणजे दोन सूत, इंचाला २० आटे. आणि हेड पायांवर बसवायचा तीन अष्टमांश इंची, म्हणजे तीन सूत, इंचाला १६ आटे. ही दोन मापं लक्षात ठेवली तर हार्डवेअरच्या दुकानात काही समजावून सांगावं लागत नाही. जाताना मात्र वस्तू बरोबर न्या. मिलिमीटरचा ६ नंबरी बोल्ट दिसायला दोन सुतीसारखाच असतो, तो जोर लावून घातला की कॅमेऱ्याच्या तळाचे आटे जातात.

एवढं करून पुन्हा पाटी आणि टिचकी. अजूनही थरथर असेल, तर खरेदीला निघायला हरकत नाही.

पाय: पैशाचा मोठा वाटा इथे

आमच्या देवघरात समईखाली तीन पायांची जुनी पितळी तिवई आहे. फरशी कितीही वाकडी असो, ती डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कुठल्याही जमिनीवर एकदम टेकतात. चार पायांच्या स्टुलाखाली कागदाची घडी घालावी लागते. ट्रायपॉडलाही हाच फायदा जन्मजात आहे. तो वाया जातो तो नळ्यांच्या बारीकपणामुळे.

नळीची जाडी हा आकडा सगळ्यात आधी बघा. भिंतीची जाडी सारखी धरली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. वरची नळी २२ मिमीवरून २८ मिमीची घेतली की ताठपणा दुप्पट होतो. वजन मात्र त्या मानाने थोडंच वाढतं. माझं मत असं: ७०-२०० मिमीपर्यंतच्या लेन्ससाठी २८ मिमीची नळी, आणि १५०-६०० मिमीसारखी जड लेन्स असेल तर ३२ मिमीच्या खाली उतरू नका.

मग भाग किती ते बघा. पाय तीन भागांचा की चार, यावर सगळ्यात खालची नळी किती बारीक होणार ते ठरतं. प्रत्येक भागाला नळी साधारण ३ मिमीने उतरते. २८ मिमीपासून सुरू होणाऱ्या तीन भागांच्या पायाची खालची नळी २२ मिमीची राहते, चार भागांची १९ मिमीची. त्या शेवटच्या भागाच्या ताठपणात दीडपट फरक पडतो, शिवाय लॉकही कमी. तीन भागांचा ट्रायपॉड मिटल्यावर लांब राहतो, ६५ सेंटिमीटरच्या आसपास. स्कूटरच्या फूटबोर्डवर तो आडवा मावत नाही, पाठीवर घ्यावा लागतो. पीएमपीच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन पुढे चालत चढणार असाल, तर चार भागांचा घ्या आणि वरची नळी एक माप जाड घ्या. पाच भागांचे प्रवासी ट्रायपॉड मी लांब लेन्ससाठी सुचवणार नाही.

उंची मोजताना मधला दांडा धरायचाच नाही. दांडा वर काढला की तीन पायांच्या माथ्यावर एक पाय उभा राहतो. हिशोब सोपा आहे. माझी उंची ५ फूट ४ इंच, म्हणजे १६२ सेंटिमीटर. डोळे त्याच्या ११ सेंटिमीटर खाली, १५१ वर. कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडर ९ सेंटिमीटर, हेडची उंची १०. उरले १३२. दांडा न काढता पाय १३२ सेंटिमीटर उंच झाले की सपाट जमिनीवर मला वाकावं लागणार नाही. पण आपल्याकडे सपाट जमीन कुठे? टेकडीच्या उतारावर खालच्या बाजूचा पाय जास्त लांब लागतो, म्हणून वर १५ सेंटिमीटर धरा. माझी खरेदी १४५ च्या आसपास ठरली. मधला दांडा पूर्ण काढून टाकता येतो किंवा मुळातच नाही, असा माथा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? कार्बन हलका असतो आणि थरथर लवकर शोषतो. थंडीच्या पहाटे हाताला गारही लागत नाही. पण बजेट ठरलेलं असेल, तर बारीक कार्बनपेक्षा जाड अ‍ॅल्युमिनियम घ्या. घराजवळ, गाडीने फिरून फोटो काढणाऱ्याला अर्धा किलो जास्त वजनाने फारसं बिघडत नाही.

खोक्यावर लिहिलेली वजनक्षमता जपून वाचा. ती मोजायची सर्वमान्य पद्धत नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने मोजते. 'मोडणार नाही' आणि 'हलणार नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ७०० ग्रॅमचा कॅमेरा आणि दोन किलोची लेन्स मिळून २.७ किलो होत असेल, तर निदान १० किलो लिहिलेला ट्रायपॉड बघा.

हेड

बॉल हेडमध्ये बॉलचा व्यास बघायचा. ३६ मिमीचा बॉल साध्या झूमला ठीक, ७०-२०० ला ४४ च्या पुढे जा. चांगल्या हेडवर मुख्य खटक्याशिवाय घर्षणाचा वेगळा खटका असतो. तो एकदा आपल्या लेन्सच्या वजनाला जुळवला की मुख्य खटका सैल केल्यावरही कॅमेरा धाडकन कोसळत नाही. जड लेन्स पुढे झुकून बोट चिमटलं जाण्याचा प्रसंग एकदा आला की या खटक्याची किंमत कळते.

पक्षी टिपणाऱ्यांनी बॉल हेडच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी गिंबल. लेन्स तिच्या समतोल बिंदूवर टांगली जाते, बोटाने ढकलली की फिरते, सोडली की तिथेच थांबते. लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडवर बसवायचं कडं) प्लेटवर पुढे-मागे सरकवून हा समतोल साधायचा: दोन्ही खटके पूर्ण सैल करून हात सोडला तरी लेन्स आडवी राहिली पाहिजे. वाडे, मंदिरं, घरांच्या आतले फोटो काढणाऱ्यांना गिअर हेड आवडेल. त्यात प्रत्येक दिशा वेगळ्या चाकाने केसभर हलवता येते. मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीची चौकशी करूनच जा.

प्लेट आर्का-स्विस पद्धतीचीच घ्या. साधारण ३८ मिमी रुंदीची ही खाचेची प्लेट आता बहुतेक सगळ्या कंपन्या वापरतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मापात किंचित फरक असतो, म्हणून खटक्याने बंद होणाऱ्या पकडीपेक्षा स्क्रूने आवळायची पकड जास्त सांभाळून घेते. कॅमेऱ्यासाठी ओठ असलेली किंवा एल आकाराची प्लेट घ्या. एल प्लेट असली की उभ्या फोटोसाठी बॉल कुशीवर पाडावा लागत नाही, वजन पायांच्या मधोमध राहतं. आणि कॉलर असलेली लेन्स नेहमी कॉलरवरच बसवा, कॅमेऱ्यावर कधीच नाही.

दुकानात

आपला कॅमेरा, सगळ्यात जड लेन्स आणि अ‍ॅलन कीचा संच बरोबर न्या. जमलं तर आधी दोन दिवस भाड्याने घेऊन बघा, कॅमेरे भाड्याने देणारे पुण्यात भरपूर आहेत. दुकानात ट्रायपॉड पूर्ण उघडायला सांगा, काउंटरवर अर्धा उघडून नाही. माथ्याला पीळ द्या. प्रत्येक लॉक स्वतः दहादा उघडा-मिटा, ट्विस्ट लॉक (पिळून उघडायचा) अर्ध्या फेऱ्यात सुटायला हवा. पाय किंचित उचलून खालचा भाग सोडा, तो अडखळत उतरला तर आत काहीतरी तिरकं आहे. मग घरातलीच परीक्षा: समोरच्या भिंतीवरचं अक्षर, लाइव्ह व्ह्यू, टिचकी. हे करताना संकोचू नका. इतके पैसे देऊन वस्तू घेताना दहा मिनिटं मागणं रास्त आहे, आणि चांगला दुकानदार उलट खूश होतो.

लावायचा कसा

एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवा, आपण उरलेल्या दोन पायांच्या मध्ये उभे राहा. उंची कमी करायची तर खालचे, बारीक भाग आधी मिटा. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला. सिंहगडाच्या कातळावर रबरी बूट, शेताच्या बांधावर अणकुचीदार खिळे.

वारा असेल तर मध्यभागी बॅग टांगायचा सल्ला सगळे देतात. पण झुलती बॅग लंबकासारखी उलट धक्के देते. तिचा तळ जमिनीला टेकेल इतकी खाली टांगा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका किंवा गुंडाळून बांधा, ताम्हिणीच्या वाऱ्यात फडफडणारा पट्टा २८ मिमीच्या पायांनाही हलवतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर किंवा रिमोटने. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर आरसा आधी वर करा. १/६० ते १/२ सेकंदाच्या दरम्यान आरशाचा धक्का सगळ्यात जास्त उमटतो.

काही ठिकाणी ट्रायपॉडचा इलाजच चालत नाही. झेड पुलावरून संध्याकाळी मुठेचं पात्र आणि लकडी पुलाचे दिवे टिपायला जा. दुचाकी गेली की पूलच थरथरतो, पाय कितीही जाड असोत. तिथे टायमर लावू नका. रिमोट हातात धरा, गाड्यांमध्ये खंड पडला की तीन-चार सेकंद थांबून एक्सपोजर द्या. मला एका चांगल्या फोटोसाठी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब बघायला होडीतून जाणार असाल, तर ट्रायपॉड घरीच ठेवा. होडी हलते, ट्रायपॉडही तिच्याबरोबर हलतो. कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून तिच्यावर लेन्स टेकवा आणि शटर वेगवान ठेवा. काठावरून काढणार असाल तर मात्र गिंबल आणि ३२ मिमीचे पाय यांचं चीज होतं. तिथला गाळ मऊ असतो, खिळे रुतत जातात. प्रत्येक पायाखाली डब्याचं जुनं प्लास्टिकचं झाकण ठेवलं की रुतणं थांबतं.

गाळ, पाऊस, खारं पाणी

उजनीचा गाळ ट्विस्ट लॉकच्या आत गेला की पुढच्या वेळी पाय कर्रकर्र वाजतात. घरी आल्यावर पाय न मिटता आधी साध्या पाण्याने धुवा, म्हणजे वाळू आत ओढली जात नाही. मग लॉक पूर्ण उघडून नळी बाहेर काढा. नळीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पातळ अर्धगोल पट्ट्या असतात, त्या निसटून पडतात आणि कुठल्या बाजूने होत्या ते आठवत नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि एका वेळी एकच पाय उघडा. आट्यांवर जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळल्यावर ग्रीसचं अगदी पुसट बोट फिरवा. नळीला, पट्ट्यांना आणि हेडच्या बॉलला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, तिथे घर्षणच हवं असतं. कोकणात समुद्राच्या पाण्यात पाय बुडाले असतील, तर हे काम त्याच रात्री मुक्कामावर करा, पुण्याला येईपर्यंत थांबू नका.

धुतलेला ट्रायपॉड पाय पूर्ण लांबवून, लॉक सैल ठेवून रात्रभर पंख्याखाली आडवा ठेवा. आतून ओला असताना तो लेन्सच्या कपाटात गेला, तर ओल काचांपर्यंत पोहोचते आणि पावसाळ्यात बुरशीला तेवढी पुरते.